मोटरहोमचा जनरेटर: धूर, लोड आणि महिन्याचे दोन तास

मे महिना लागला की आमच्याकडे डेन्व्हरला फोन सुरू होतात. कुणाचे आईवडील भारतातून आलेले असतात, यलोस्टोन नॅशनल पार्कचं बुकिंग झालेलं असतं, मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्यानं ठरलेली असते. गाडी चालवायची भीती बहुतेकांना नसते. प्रश्न एकच असतो, "तो जनरेटर काय प्रकार आहे? आपण चालवायचा असतो का?"

हो, आपणच चालवायचा असतो. गाडी देणारा माणूस दहा मिनिटांत सगळं दाखवतो. त्यात सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची यातच सात मिनिटं जातात. जनरेटरच्या वाट्याला "हे बटण दाबा" एवढंच येतं. दर फोनवर मी जे सांगते ते इथे नीट लिहून काढते आहे. भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक मोटरहोम क्लास सी प्रकारच्या असतात, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या. त्यात साधारण ४,००० वॉटचा, पेट्रोलवर चालणारा जनरेटर कायमचा बसवलेला असतो. मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात आणि मोटरहोममध्ये शेगडीसाठी खराखुरा गॅसही असतो, प्रोपेन. त्यामुळे "गॅस संपला" म्हटलं की नक्की काय संपलं तेच कळत नाही. मी पेट्रोल आणि प्रोपेन असेच शब्द वापरते. तुम्हीही घरच्यांना तीच सवय लावा.

जनरेटर कशाला लागतो, कशाला नाही

मोटरहोममध्ये विजेचे दोन संसार असतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिजचं कंट्रोल हे सगळं १२ व्होल्टवर, म्हणजे घराच्या बॅटरीवर (गाडीच्या इंजिनाची नव्हे, राहत्या भागाची वेगळी बॅटरी) चालतं. एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग १२० व्होल्टवर चालतात. ही १२० व्होल्टची वीज एकतर कॅम्पग्राउंडच्या खांबावरून केबलनं घ्यायची, नाहीतर जनरेटरमधून. खांबाची सोय असेल तर जनरेटरला हातही लावायचा नाही. यलोस्टोनमध्ये मात्र अशी सोय फिशिंग ब्रिजच्या एकाच आरव्ही पार्कमध्ये (मोटरहोम लावायच्या कॅम्पग्राउंडमध्ये) आहे. बाकी सगळीकडे बॅटरी आणि जनरेटर.

नवख्यांना वाटतं जनरेटर एसीसाठी असतो. टेक्सस किंवा ॲरिझोनात असेल. यलोस्टोनमध्ये जुलैच्या रात्रीही स्वेटर लागतो, तिथे एसी लावतंय कोण! तिथली खरी गरज बॅटरी चार्ज करण्याची असते. रात्रभर हीटर चालतो, तो जळतो प्रोपेनवर, पण त्याचा पंखा बॅटरी खातो. जुन्या पद्धतीच्या लेड ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज सकाळी १२.१ च्या आसपास आलं असेल तर ती निम्मी रिकामी झाली समजा. तिला त्याखाली जाऊ देऊ नये. म्हणून सकाळी तासदीड तास जनरेटर लावायचा आणि त्याच वेळात मिक्सर, मायक्रोवेव्हची कामं उरकायची. संध्याकाळी पुन्हा तासभर. दिवसभर घरघर करत ठेवायची गरज नसते.

धूर: यावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे

आमच्या दुसऱ्याच ट्रिपची गोष्ट. सासूसासरे बरोबर होते. कॅम्पग्राउंडमधली जागा अरुंद होती, डाव्या अंगाला मातीची उंच दरड. संध्याकाळी थोडं गरम होत होतं म्हणून मी जनरेटर लावून एसी चालू केला. आई मागच्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या आणि त्यांना बंद खोलीत गुदमरतं म्हणून उशाशी खिडकी दोन बोटं उघडी होती. अर्ध्या तासानं म्हणाल्या, "अगं, डोकं नुसतं धरलंय. मळमळतंय पण. ही तुमची उंची मला काही सोसत नाही."

मलाही तेच वाटलं. आम्ही सात हजार फुटांवर होतो आणि उंचीचा त्रास अगदी असाच होतो. मी त्यांना पाणी दिलं आणि पडून राहायला सांगितलं. हे वाक्य मला आजही टोचतं, कारण मी त्यांना नेमक्या चुकीच्या जागी पडून राहायला सांगत होते. दहा मिनिटांत दाराजवळचा अलार्म वाजायला लागला. चार टोले, थांबा, पुन्हा चार टोले. जनरेटरचं धुराडं डाव्या बाजूला, मागच्या खिडकीच्या जवळ होतं. समोर दरड, वारा आमच्याकडे. धूर बाहेर जायला जागाच नव्हती. तो दरडीला धडकून खिडकीतून आत येत होता. आम्ही सगळे बाहेर आलो, जनरेटर बंद केला, रेंजरना बोलावलं. मोकळ्या हवेत आणि नंतर ऑक्सिजन लावल्यावर आईंना बरं वाटलं. अलार्म नसता तर मी त्यांना गाढ झोप लागली असंच समजले असते.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे छातीभर श्वास घेऊनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. लक्षणं फसवी असतात: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अंगात त्राण नसणं. तापाशिवायचा फ्लू असावा तसं. डोंगरात ते उंचीवर ढकललं जातं, प्रवासात गाडी लागण्यावर. म्हणून माझा नियम असा: जनरेटर चालू असताना गाडीत कुणीही "डोकं दुखतंय" म्हटलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, कारण मागाहून शोधायचं. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करायचा. "आता ठीक आहे, राहू दे" हे आपलं नेहमीचं उत्तर इथे चालणार नाही.

हे टाळण्यासाठी गाडी लावतानाच काय पाहायचं ते सांगते.

जनरेटरचं धुराडं गाडीच्या कुठल्या बाजूला आहे ते गाडी ताब्यात घेतानाच वाकून बघा. त्याचं तोंड गाडीच्या कडेच्या बाहेर आलेलं असलं पाहिजे. ते गाडीखालीच संपत असेल, वाकलं असेल किंवा तुटलं असेल तर ती गाडी घेऊ नका. कॅम्पग्राउंडमध्ये शिरल्यावर आधी वारा बघा, मूठभर सुकं गवत सोडलं तरी कळतं. धुराड्याच्या बाजूला भिंत, दरड, दाट झुडूप, बर्फाचा ढीग किंवा शेजाऱ्याची गाडी नको. त्या बाजूच्या खिडक्या जनरेटर चालू असेपर्यंत बंद. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकत असेल तर तो खालून, फटींमधून हवा आत ओढतो; त्या हवेबरोबर धूरही येतो. म्हणून तोही बंद. शेजारच्या गाडीचा जनरेटर आपल्या खिडकीकडे तोंड करून असेल तर जाऊन सांगा. मोटरहोमवाले लोक वाईट वाटून घेत नाहीत. धुराड्याखाली सुकं गवत तर नाही ना, तेही बघा. तो पाइप चांगलाच तापतो आणि पश्चिमेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात एवढं निमित्त वणव्याला पुरतं.

धुराड्याला उभा पाइप जोडून धूर छताच्या वर सोडायची सोय बाजारात मिळते. स्वतःची गाडी असेल तर जरूर घ्या, आम्ही घेतली. पण तिच्या भरवशावर खिडक्या उघड्या टाकू नका.

आता कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मसाठी दोन मिनिटं. त्यावरचं टेस्टचं बटण गाडी घेताना दाबा आणि प्रवासात आठवड्यातून एकदा. त्यावर तारीख छापलेली असते. हे अलार्म साधारण पाच ते सात वर्षांत बाद होतात, मग नवी बॅटरी घालून उपयोग नसतो. आणि आवाजातला फरक घरातल्या सगळ्यांना शिकवा. थोड्या थोड्या वेळानं एकच "टिक" वाजत असेल तर बॅटरी किंवा अलार्मचं आयुष्य संपत आलंय. एकापाठोपाठ चार टोले म्हणजे बाहेर पळा. हेही लक्षात असू द्या की हे अलार्म वायूचं प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजतात. ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ७० भाग) अलार्म वाजायला एक ते चार तास लागू शकतात, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटं. तेव्हा अलार्म गप्प आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे, असं होत नाही. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई यांना त्रास लवकर होतो.

आणि झोपताना जनरेटर बंद. वारा रात्री फिरतो आणि आपण झोपलेले असतो. पार्किंग लॉटमध्ये कितीही उकडत असलं तरी यात मी सूट देत नाही. एवढं उकडत असेल तर त्या रात्रीपुरतं खांब असलेलं कॅम्पग्राउंड घ्या.

सुरू करायच्या पायऱ्या

१. टाकीत पेट्रोल किती आहे बघा. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, पण त्याची नळी मुद्दाम वरच्या पातळीवर लावलेली असते, म्हणजे पाव टाकी उरली की जनरेटर बंद पडतो आणि गाडी घरी जाऊ शकते. "जनरेटर बिघडला" म्हणून आलेल्या फोनांपैकी कितीतरी या पाव टाकीचे असतात.

२. जनरेटरचा कप्पा उघडून ऑइल बघा. तो बंद असताना, सपाट जागी, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून. रोज चालवत असाल तर रोज. आत उंदरानं घरटं केलेलं नाही ना, पेट्रोलचा वास येत नाही ना, हेही त्याच वेळी कळतं. वास आला तर सुरू करू नका.

३. एसी, मायक्रोवेव्ह, सगळं बंद करा. जनरेटर लोडशिवाय सुरू करायचा.

४. बरेच दिवस बंद असेल तर काही मॉडेलमध्ये स्टॉपचं बटण काही सेकंद दाबून धरलं की आधी पेट्रोलचा पंप चालतो. मग स्टार्ट दाबून धरा. इंजिन धरलं की सोडा. दहा सेकंदांत नाही धरलं तर थांबा, मिनिटभर दम घ्या, पुन्हा करा. सेल्फ मारत राहिलात तर मोटर जळेल.

५. दोनतीन मिनिटं तसाच चालू द्या. अर्ध्या मिनिटात आत कुठेतरी "खट" असा आवाज येईल. तो ट्रान्सफर स्विच; त्यानं घराची वायरिंग जनरेटरला जोडली. त्यानंतर लोड द्या.

बंद करतानाही तसंच, आधी सगळा लोड काढा, दोनतीन मिनिटं मोकळा चालू द्या, मग स्टॉप. इंजिनाला गार होऊ द्यायचं असतं. घाईत हीच पायरी सगळे गाळतात.

जनरेटरचा सेल्फ घराच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी पार बसली असेल तर तिला चार्ज करणारा जनरेटरच सुरू होत नाही. अशा वेळी ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर एक आपत्कालीन स्टार्टचं बटण असतं. गाडीचं इंजिन सुरू करा, ते बटण दाबून धरा आणि कुणाला तरी जनरेटरचा स्टार्ट दाबायला सांगा. हे बटण कुठे आहे ते गाडी देणाऱ्याला आवर्जून विचारा, रात्री अंधारात शोधत बसायला नको.

पेट्रोल भरायला थांबलात की जनरेटर बंद आणि प्रोपेनही बंद. चालत्या गाडीत एसीसाठी जनरेटर लावता येतो, त्यामुळे तो चालू आहे हे पंपावर विसरायला होतं. आमच्याकडे ते बघायचं काम धाकट्याकडे आहे. पंप दिसला की तो ओरडतो.

लोडचा हिशोब

४,००० वॉट ऐकायला खूप वाटतं. पण छतावरचा एसी चालताना साधारण दीड हजार वॉट खातो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याहून खूप जास्त. मायक्रोवेव्हवर १,००० वॉट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारं, खातो तो दीड हजाराच्या आसपास. इलेक्ट्रिक किटली दीड हजार, इंडक्शन १,८००, केस वाळवायचा ड्रायर १,५०० च्या वर, इलेक्ट्रिक कुकर हजार. मिक्सर त्यामानाने गरीब, ५०० ते ७५०. (इथे मिळणारा ११०-१२० व्होल्टचाच मिक्सर न्या. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर या प्लगवर नुसता कण्हतो.)

म्हणजे एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला तर सपाटीवर जेमतेम निभावतं, त्यात कुणी किटली लावली की ब्रेकर पडतो. सर्वांत मोठा लोड आधी द्या, म्हणजे एसी. तो स्थिरावला की बाकीचं. चहा शेगडीवर, प्रोपेनवर करा. उकळलेल्या आल्याच्या चहाला किटली कधीच पुरी पडलेली नाही, तेव्हा यात नुकसान काही नाही.

उंचीवर जनरेटरचाही दम लागतो

हे कोलोरॅडोत राहिल्यामुळे मला लवकर कळलं, किनारपट्टीवरून येणाऱ्यांना कळत नाही. विरळ हवेत इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. यलोस्टोनमधलं ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं कारंजं सुमारे ७,३५० फुटांवर आहे. तिथे तुमचा ४,००० वॉटचा जनरेटर ३,००० च्या आसपास उरतो. घरी चाललेलं एसी आणि मायक्रोवेव्हचं जोडकाम तिथे चालणार नाही आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

दुसरी गोष्ट पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाची. कार्बोरेटर असलेल्या जनरेटरला उंचीनुसार फिरवायची एक छोटी खुंटी असते, तिच्यावर फुटांचे आकडे असतात. उंचीवर ती तशीच ठेवली तर पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते. उंचीवरून खाली आल्यावर ती परत आणली नाही तर उलटं होतं: पेट्रोल कमी पडतं, इंजिन नको तितकं तापतं आणि कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून वर जाताना विसरलात तर एकवेळ चालेल, खाली येताना विसरू नका. फ्युएल इंजेक्शनवाल्या नव्या जनरेटरमध्ये हे आपोआप होतं.

कोलोरॅडोत पंपावर सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. या जनरेटरांच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ मागितलेलं असतं, तेव्हा मधलं बटण दाबा. हल्ली काही पंपांवर ८८ आकड्याचं पेट्रोल थोडं स्वस्त मिळतं. त्यात १५ टक्के इथेनॉल असतं. कारला ते चालत असेल, पण जनरेटरसारख्या छोट्या इंजिनांत ते घालायला परवानगी नाही आणि तुमच्या मोटरहोममध्ये टाकी एकच आहे. १० टक्केवालंच घ्या.

स्वतःची गाडी असेल तर: बंद ठेवलेला जनरेटर बिघडतो

आम्ही जुनी मोटरहोम घेतली तेव्हा जनरेटरच्या मीटरवर फक्त ९० तास होते. आम्ही खूश झालो, "कमी वापरलेला आहे." मेकॅनिकनं मीटर पाहून मान हलवली. इतक्या वर्षांत ९० तास म्हणजे तो नुसता बसून होता. त्यानं कार्बोरेटर काढून माझ्या हातात दिला. आत वाटीच्या तळाला पिवळट, चिकट थर होता, काकवी सुकल्यावर भांड्याला धरतो तसा. ज्या बारीक छिद्रातून पेट्रोल जायचं त्यात शिवणाची सुई शिरेना. नवा कार्बोरेटर घालावा लागला.

पेट्रोल पडून राहिलं की उडून जाण्याजोगा भाग उडतो आणि मागे डिंक राहतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. शिवाय न फिरणाऱ्या जनरेटरच्या आत ओल धरते. यावर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: महिन्यातून एकदा, सलग दोन तास, निम्म्या लोडवर चालवा. निम्मा लोड म्हणजे एसी नाहीतर एखादा दीड हजार वॉटचा हीटर. लोडशिवाय दहा मिनिटं चालवून बंद केल्यानं काही साधत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, आतली ओल तशीच राहते. दर आठवड्याला अर्धा तास चालवण्यापेक्षा महिन्याला सलग दोन तास चांगले. निम्म्या लोडला तासाला अर्ध्या गॅलनच्या आसपास पेट्रोल जातं, म्हणजे महिन्याचा खर्च गॅलनभर. आम्ही पहिला रविवार ठरवला आहे. गाडी घरासमोर मोकळ्यावर, गॅरेजच्या आणि घराच्या खिडक्यांपासून दूर लावायची आणि त्या दोन तासांत गाडी धुवायची. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं म्हणजे मघाची दरडच.

हिवाळ्यात चार महिने गाडी उभी राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घाला आणि मग जनरेटर थोडा वेळ चालवा, म्हणजे ते औषध कार्बोरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून उपयोग नाही.

ऑइल नव्या जनरेटरचं पहिल्या २० तासांनंतर बदलतात, नंतर या वर्गातल्या बहुतेकांचं १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. तास भरले नाहीत म्हणून वर्ष ओलांडू नका. आत मावतंच जेमतेम दीड क्वार्टच्या (साधारण दीड लिटरच्या) आसपास, त्यामुळे थोडं कमी झालं तरी फरक मोठा पडतो. कुठल्या थंडीला कुठल्या नंबरचं ऑइल ते मॅन्युअलमध्ये बघा. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर बघायचा, स्पार्क प्लग मॅन्युअलप्रमाणे. धुराड्यात ठिणगी अडवणारी जाळी असते, ती काजळीनं भरली की इंजिन कोंडतं. ती साफ करायची, काढून टाकायची नाही. काही माश्या धुराड्याच्या तोंडात मातीची घरटी करतात, वसंतात टॉर्चनं आत बघा. कप्प्यात हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, कारण आतलं कुणी चुकून स्टार्ट दाबला तर बोटं जातील. आणि त्या कप्प्यात चिंध्या, ऑइलचे डबे ठेवू नका. रिकामी जागा दिसली की भरायची आपल्याला सवय असते, पण ती जागा हवा खेळायला आहे.

चालू आहे पण वीज नाही. किंवा चालूच होत नाही

चालू आहे पण प्लगमध्ये वीज नाही, तर जनरेटरच्या अंगावरचा ब्रेकर बघा, घरातला नव्हे. तो पडलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग घरातले ब्रेकर, मग स्वयंपाकघराजवळचा टेस्ट आणि रिसेट असलेला प्लग. काही गाड्यांत ट्रान्सफर स्विच नसतो, खांबाची केबल गाडीतल्याच एका सॉकेटमध्ये खुपसावी लागते, तरच जनरेटरची वीज आत येते.

सुरू होऊन बंद पडत असेल तर पेट्रोलची पातळी, मग ऑइल. बटणाजवळचा दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकतो ते मोजा. तो बिघाडाचा आकडा सांगत असतो, मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ असतो. फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, मेकॅनिकला तोच पाठवा. यापुढची खोलाखोली, म्हणजे १२० व्होल्टची वायरिंग आणि प्रोपेनची नळी, घरी करू नका.

ट्रेलरवाल्यांसाठी थोडं

गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये बहुधा जनरेटर नसतो, हातात उचलून न्यायचा घेतात. त्यात इन्व्हर्टर प्रकारचाच घ्या, आवाज खूप कमी. होंडाचा ईयू२२००आय सगळीकडे दिसतो: २,२०० वॉट फक्त काही क्षणांपुरते, सलग १,८०० वॉट, वजन २१ किलोच्या आसपास. एका जनरेटरवर एसी सुरू होईलच असं नाही; दोन जोडून चालवता येतात.

इथे धुराड्याची जागा तुम्हीच ठरवता, म्हणून चूकही तुमचीच होते. दारेखिडक्यांपासून किमान २० फूट लांब, धूर गाडीपासून उलट दिशेला. पाऊस आला म्हणून गाडीखाली किंवा तंबूच्या तोंडाशी सरकवायचा नाही. भिजू नये म्हणून बंद करायचा. चोरी होईल म्हणून पायरीला साखळीनं बांधणारे लोक मी पाहिलेत, म्हणजे दारातच धूर. लांब केबल आणि झाडाला साखळी, हे बरं. पेट्रोल ओतायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर.

वादळात घरची वीज गेली की हाच जनरेटर आठवतो. तेव्हाही अंगणात, २० फुटांवर. आणि त्याची वायर घराच्या प्लगमध्ये उलटी खुपसून घर उजळवू नका: ती वीज तारांवरून मागे जाते आणि खांबावर चढलेल्या कामगाराचा जीव घेते. एक्स्टेन्शननं फ्रिज थेट जनरेटरला जोडा.

वेळा आणि शेजार

नॅशनल पार्कमध्ये जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या वेगळ्या. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढंच. यलोस्टोनमधल्या स्लू क्रीक, टॉवर फॉल अशा कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरला परवानगीच नाही. बुकिंग करतानाच हे वाचा आणि बॅटरीचा हिशोब त्याप्रमाणे लावा. वेळ असली तरी ती संपेपर्यंत चालवलाच पाहिजे असं नाही. लोक तिथे शांततेसाठी आलेले असतात.

भाड्याची गाडी असेल तर शेवटचं काम. जनरेटरच्या तासांचे बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे लागतात. बटणाजवळ तासांचं छोटं मीटर असतं. गाडी घेताना त्याचा फोटो काढा, परत देताना पुन्हा. पहिल्या फोटोत अलार्मवरची तारीख आणि धुराड्याचं तोंडही येऊ द्या.